एकट्या व्हायोलिनची जागा

चामराजपेट, सोमवार सकाळ

जयसिंगअण्णास सकवारचा नमस्कार,

काल बसवनगुडीत आमच्या जुन्या हिंदी गाण्यांच्या मंडळात मी बोलले. एका गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याआधी संगीतकारानं सगळी वाद्यं थांबवून एकट्या व्हायोलिनला जागा दिली आहे. ते ज्या सुरावर थांबतं, तिथूनच गायिका शब्द उचलते. असं धाडस पक्क्या कानाचा संगीतकारच करतो, असं सांगून मी तो तुकडा दोनदा ऐकवला.

मागून एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "अक्का, हे वाजवलंय कोणी? तबकडीवर नाव नाही."

"माझ्या वडिलांनी," मी म्हणाले. "खंडेराव जगतापांनी."

आप्पा आपल्याला सोडून मुंबईला वाजवायला गेले, तेव्हापासून तू लोकांना ते वारले असंच सांगत आलास. आईचे हाल मीही पाहिलेत, अण्णा. पण मी कॉलेजात असताना ते एकदा मला गुपचूप भेटून गेले. मला हॉटेलात नेऊन त्यांनी तिथल्या रेडिओग्रामवर हे गाणं लावायला सांगितलं. दुसऱ्या अंतऱ्याआधी "स्वल्प थांब, आता मी येतो," म्हणाले. ही भेट मी तुझ्यापासून पन्नास वर्षं लपवली.

काल त्यांचं नाव घेताना मला मुळीच लाज वाटली नाही.

हे पत्र टाकलं तर आप्पांचं नाव दिसताच तू पुढे न वाचता फाडशील, म्हणून टाकत नाही. रविवारी राजाजीनगरला येते आणि ते गाणं तुझ्यासमोर लावते. त्यांना माफ कर, असं मी म्हणणार नाही. ऐकून झाल्यावर हवं तेवढं रागाव.

तुझी धाकटी बहीण,
सकवार