तिसऱ्या मजल्यावरची वेलांटी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या अर्ध्यावरच थांबलो आहे. उरलेला भेटीत पुरा करीन.) तुझी, दाजींची आणि लेकीची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. आमच्याकडे सगळं ठीक. तुझी भावजय बऱ्याच वर्षांनी माझ्यावर खूश आहे. का, ते सांगायला थोडा वेळ लागेल, तेव्हा चहा घेऊन बस.

पाट्या रंगवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण त्या नेहमी माझ्यापर्यंत खाली आल्या, मी कधी त्यांच्यापर्यंत वर गेलो नाही. पत्रा उतरवून आणायचा, दुकानात दोन स्टुलांवर आडवा टाकायचा, रंगवायचा, परत पाठवायचा. उंचावरची कामं भागीदाराची. घरातला बल्बसुद्धा तुझी भावजय बदलते आणि मी स्टूल धरतो (तेव्हाही डोळे जमिनीकडे). जमीन हातभर खाली गेली की माझे गुडघे माझं ऐकत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. त्यामुळे भागीदार वरचा आणि मी खालचा, असं आमचं सुखाने चाललं होतं.

गेल्या महिन्यात भागीदार पडला. चार-चार मजल्यांवर लोंबकळण्यात जन्म काढलेला माणूस न्हाणीघरात साबणावरून घसरला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसला. नेमकं तेव्हाच मुलींच्या शाळेचं काम हातात होतं. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांवरची कोरी भिंत, पुरुषभर उंच अक्षरं, परांची बांधून तयार आणि शाळा उघडायला नऊ दिवस. मी मुख्याध्यापिकाबाईंना नाही सांगायलाच गेलो होतो. बाईंनी मला अंगणात नेऊन भिंत दाखवली आणि म्हणाल्या, “नवीन शाळा आहे. लांबून नाव दिसलं की मुलींना आपली वाटेल. कराल ना?” मी मान हलवली. ती आडवी हलवली असं माझं मत आहे. बाईंनी ती उभी धरली.

परांची बांधणारा मिस्त्री शांत माणूस. पहिल्या दिवशी मी शिडीच्या चार पायऱ्या चढलो आणि उतरलो. दुसऱ्या दिवशी सात. तेव्हा त्याने अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, “अण्णा, पायऱ्या मोजायचं काम वेगळं घेतलंय का?” तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्याच्या फळीवर पोचलो आणि तिथे बांबूला अशी मिठी मारली की आत बाकं पुसणाऱ्या बाईने खिडकीतून विचारलं, पाणी देऊ का. मी हो म्हणालो, पण पेला घ्यायला हात सुटेना. शेवटी तिनेच पाजलं. (हे तुझ्या भावजयीला सांगितलेलं नाही.)

चौथ्या दिवशी मिस्त्रीने माझ्या कमरेला पट्टा बांधला, दोर वरच्या खांबाला अडकवला आणि मला पुढे घालून तिसऱ्या मजल्यापर्यंत नेलं. कसं नेलं ते मी सांगू शकत नाही, डोळे मिटलेले होते. वर बसल्यावर मी विचारलं, खाली बघायचं नसतं ना? तो म्हणाला, “कोणी सांगितलं? न बघता मनात जे दिसतं ते फार वाईट असतं. एकदा नीट बघून घ्या.” मी बघितलं. मला वाटलं होतं, खाली काळीशार विहीर असेल. होतं काय, तर वाळत घातलेली चार फडकी, एक गळका नळ आणि पाठीवर लोळून अंग खाजवणारं कुत्रं. भीती गेली असं नाही, ताई, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पण आता ती अंगणाएवढी झाली, आणि अंगण मला दिसत होतं.

पुढचे तीन दिवस मी रंगवलं. एवढ्या जवळून अक्षर कळत नाही, नुसता निळा रंग दिसतो, आणि आपण ‘श’च्या पोटात आहोत की ‘ळ’च्या, हे मिस्त्री खालून ओरडून सांगतो. सातव्या संध्याकाळी काम संपलं. बाईंनी रंगाचं तोंडभरून कौतुक केलं. मी हवेत तरंगत घरी गेलो आणि तुझ्या भावजयीला घेऊन आलो. तिने रस्त्यापलीकडे उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, “अहो, ‘ली’ दुसरी ना?”

मी पहिली काढली होती. ‘मुलिंची शाळा’. तू चाळीस वर्षं पोरांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवलंस आणि तुझ्या सख्ख्या भावाने शाळेच्या कपाळावर हे लिहिलं.

मी सांगून पाहिलं की जुन्या पद्धतीत असंच लिहीत असतील. सांगून पाहिलं की कोणाच्या लक्षात येणार नाही, आणि मिस्त्री तर सकाळीच परांची सोडणार आहे. ती म्हणाली, “मुली इथेच लिहायला शिकणार आहेत.” एवढंच म्हणाली, आणि भाजी घ्यायला गेली.

सकाळी मी मिस्त्रीच्या आधी पोचलो. आधी बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा पुसून वर पाहिलं आणि म्हणाल्या, “हे कुठे बोलू नका. मी भाषाच शिकवते.” मग मी चढलो. पहिल्या वेळी मान भलतीकडे हलली म्हणून चढलो होतो, या वेळी मला कोणी पाठवलेलं नव्हतं. ‘ल’ पुसून डावीकडे सरकवला आणि उजवीकडे दुसरी वेलांटी काढली. गुडघे शेवटपर्यंत लटपटतच होते. ते थांबले की उंचावरची कामं घेऊ, असं मी तीस वर्षं म्हणत आलो. ते थांबले नाहीत, आणि काम झालं.

शाळा उघडली तेव्हा मी मुद्दाम समोर उभा होतो. एकाही मुलीने वर पाहिलं नाही. सगळ्या आपलीच शाळा असल्यासारख्या धावत आत गेल्या. मला फार बरं वाटलं.

दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. हे पत्र तुला लेक वाचून दाखवत असणार. मोतीबिंदूमुळे तुला अक्षर लागत नाही हे तू मला कळवलं नाहीस, तिने कळवलं. ऑपरेशनची तारीख तीनदा पुढे ढकललीस हेही तिनेच कळवलं. एकदा पाहुणे, एकदा सर्दी, आणि एकदा डॉक्टर फार तरुण आहे म्हणून. ही कारणं ऐकून मला हसू आलं नाही, ओळख पटली. येत्या सोमवारची तारीख घे. मी रविवारी दुपारी पोचतो.

ता. ता. क. दवाखान्याच्या वासाने मला चक्कर येते. तरी बाहेरच्या बाकावर बसणार नाही, तुझ्यासोबत आत येणार आहे. दाजींना मात्र घेऊन ये. परतताना तुला धरायला कोणीतरी लागेल, आणि मलाही.