चिनी दातवाल्याने सांगितलेलं वारं

अप्पा,

तुम्ही गेलात त्या वयाच्या पुष्कळ पुढे मी येऊन पोचले आहे. तेव्हा खरं तर आता तुम्हीच मला अहो-जाहो करायला हवं, पण राहू दे. परवा दवाखान्यात डॉक्टरणीने माझ्या दंडाला पट्टा आवळला, फुस्स फुस्स करून हवा भरली आणि म्हणाली, "आजी, चिडचिड कमी करा, नाहीतर एक दिवस स्ट्रोक येईल." मी म्हटलं, "अगं, हे मला एका चिनी माणसाने तुझ्या जन्माच्या आधी सांगितलंय." त्या पोरीने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं आणि रक्त-लघवीच्या चिठ्ठीवर मेंदूची तपासणीही लिहून दिली. घरी आले, चहा केला आणि तो तसाच ठेवून हे लिहायला बसले. इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही अशी गोष्ट आहे, आणि ती तुम्हालाच सांगायची आहे, म्हणजे माझी पंचाईत बघा.

तो पाडवा तुम्हाला आठवत असेल. मुलुंडची आपली दोन खोल्यांची जागा, पुढे हातभर गॅलरी. आईने आरेच्या बाटल्यांचं दूध विरजून चक्का टांगला होता. तुम्ही तीन वाट्या श्रीखंड खाल्लंत आणि वर वेलदोडा जास्त झालाय म्हणून सांगितलंत. संध्याकाळी आई आणि आत्या देवळात गेल्या तेव्हा मी गॅलरीत येऊन तुमच्या हातात ते पत्र ठेवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून मला घेतलं होतं, एक जूनला हजर व्हायचं होतं. अर्ज मी तुम्हाला न विचारता केला होता. शेजारी ऐकतील म्हणून तुम्ही हळू आवाजात ओरडलात, ही कला मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. मानेवरची शीर टरारून फुगली, कान लालबुंद झाले. "आपल्या घरात टेलिफोन नाही आणि तू गावाचे टेलिफोन जोडत बसणार? रात्रपाळ्या करणार? मी असेपर्यंत नाही." मी काय कमी होते का? मी म्हटलं, "बरं. मग तुमच्यानंतर करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तुम्ही चहाचा कप उचलायला गेलात आणि कप काही उचलला गेला नाही. उजवा हात तसाच पडून राहिला, तोंड डावीकडे ओढलं गेलं, आणि आई "अहो, काय होतंय?" म्हणून विचारत असताना तुमच्या तोंडून नुसता आवाज आला, शब्द आला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. अप्पा, एकोणीस वर्षांची होते हो मी.

डॉक्टर आले. मेंदूतल्या शिरेचं काहीतरी सांगून, विश्रांती द्या म्हणून गेले. आत्याला असलं काही पटण्यासारखं नव्हतं. "शीर नाही नि फीर नाही, अंगावरून वारं गेलंय त्याच्या! मीच मेलीने उकडतंय म्हणून गॅलरीत अंथरूण घालून दिलं." असं म्हणून तिने खिडक्या लावून घेतल्या, फटींत वर्तमानपत्रं कोंबली, तुम्हाला कानटोपी घातली, गळ्याला मफलर गुंडाळला आणि जिभेला वेखंड चोळायला सुरुवात केली. मुलुंडचा एप्रिल आणि तुम्ही कानटोपीत! घामाच्या धारा लागलेल्या. आत्याला वाटायचं, वारं पाझरून बाहेर येतंय. मी मनात म्हटलं, वाऱ्याने झालंय ना, मग झालं. वारा काही टेलिफोनचा अर्ज करत नाही.

पण तोंड वाकडं झाल्यामुळे तुमची कवळी बसेना. पेज भरवताना दोनदा वाटीत पडली. म्हणून मी ज्याने ती केली होती त्या स्टेशनाजवळच्या चिनी दातवाल्याला घरी घेऊन आले. माणूस पन्नाशीचा, पँटला इस्त्री कडक, मुंबईत वीस वर्षं काढलेली, हिंदी टांगेवाल्यांकडून शिकलेला. आत आल्याबरोबर कोंदट खोली बघून त्याने नाकाला रुमाल लावला. "बाई, ये खिडकी कौन बंद किया? ये तो हजार साल पुराना इलाज है!" त्याचे आजोबा चीनमध्ये वैद्य होते. तो स्वतःला "हम तो खाली दांत का आदमी" म्हणायचा, पण आजोबांच्या पोथ्या त्याच्या डोक्यात बसलेल्या. कानस काढून कवळी घासायला लागला आणि घासता घासता सांगायला लागला.

त्यांच्याकडेही म्हणे याला वाऱ्याचा फटकाच म्हणत. हजारभर वर्षं सगळे वैद्य सांगायचे, माणूस आतून पोकळ झाला की कातडीची दारं उघडी पडतात आणि बाहेरचं वारं आत शिरतं. आईचं हिंदी भाजीवाल्यापुरतं आणि आत्याचं तेवढंही नाही, म्हणून मी मराठीत सांगत होते. आत्या एकदम खूश. "बघ, चीनमध्येसुद्धा माहीत आहे!" आईने त्याला चहात जास्तीची साखर घातली. मग तो म्हणाला, "लेकिन पीछे झगडा हुआ." पुढच्या काळातला एक वैद्य उठला नि म्हणाला, बाहेरचं वारं वगैरे काही नाही, आतली आग आहे. माणूस भडकतो, संताप डोक्यात चढतो आणि तो कोसळतो. हे त्याने चांगलं पाच मिनिटं सांगितलं. हातवारे करून सांगितलं, मानेवरची शीरसुद्धा दाखवली. आईने विचारलं, "काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "खिडक्या उघडा म्हणतायत."

तो कानस थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "हम इतना बोला, तुम इतनाच बोला?" मी म्हटलं, "मराठी छोटा होता है."

खिडक्या उघडल्या, कानटोपी गेली, तुम्ही पहिल्यांदा नीट श्वास घेतलात, म्हणजे माझ्या लबाडीचा तुम्हाला फायदाच झाला असं मी मनाला समजावलं. पण कवळी काही एका फेरीत बसणारी नव्हती. दर चार दिवसांनी तो यायचा आणि दर फेरीला चीन शंभर-दोनशे वर्षं पुढे सरकायचा. एक वैद्य म्हणाला, अशक्तपणा, अंगातला जोरच संपतो. झालं, आईने तुम्हाला खिरी, शिरे, लापशी सुरू केली. पुढचा म्हणाला, छे, कफ! तेलकट-गोड खाऊन चिकट कफ साठतो नि वाटा बुजवतो. झालं, खिरी बंद आणि मुगाचं पाणी सुरू. त्याच्यानंतर कुणीतरी ग्रंथच लिहिला की या दुखण्यात वारं मुळी नाहीच. त्या दिवशी आत्या चिडून स्वयंपाकघरात निघून गेली. "वारं नाही म्हणजे काय? त्याला म्हणावं दात बघ!" जे त्यांना ठरवायला शतकं लागली ते आपण एका उन्हाळ्यात उरकत होतो, आणि त्याचा सगळा मारा तुमच्या पोटावर.

हसू नका. कफाचं मी मात्र अक्षर न गाळता सांगितलं होतं, उलट थोडं वाढवूनच. कारण कफ म्हणजे श्रीखंड, आणि श्रीखंड आईचं. आईने ऐकून घेतलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "तीन वाट्या मीच वाढल्या." आयुष्यभर मग तिने घरात चक्का टांगला नाही. लोक विचारायचे तर म्हणायची, आमच्याकडे चालत नाही. मी तिला एका वाक्यात मोकळं करू शकले असते, आणि केलं नाही. मला त्याची लाज वाटते, आजही वाटते.

मे संपत आला. नोकरीचं आईला सांगणं भागच होतं. तिने विचारलं, "ह्यांना विचारलं होतंस?" मी म्हटलं, "हो, पाडव्यालाच." "काय म्हणाले?" "ऐकून घेतलं." तुम्ही खाटेवर पडून माझ्याकडे एकटक बघत होतात. मला वाटलं, बिचाऱ्या अप्पांना काही समजत नाही. देवाशपथ, मला तसंच वाटायचं. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं गेलंय, समज किती आहे सांगता येत नाही. मी सोयीस्करपणे समजही गेली असं धरून चालले होते.

शेवटच्या फेरीला दातवाला अगदी अलीकडच्या वैद्याची गोष्ट घेऊन आला. अंगात जोराचे दहा हिस्से असतात. पाच संपले की उरलेले पाच एका बाजूला गोळा होतात, दुसरी बाजू रिकामी पडते आणि तिथलं रक्त साचून बसतं. त्यावर काढा होता: एका मुळीचं भरपूर प्रमाण आणि त्यात सुकवलेली गांडुळं. हिंदीत त्याने केंचुआ म्हणून बोटाने वळवळ करून दाखवली आणि कागदाची पुडी खाटेवर ठेवली. आई म्हणाली, "काय आहे गं हे?" आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. मी म्हटलं, "जमिनीतली मुळी आहे, उगाळून द्यायची." आईने पुडी कपाळाला लावली नि सहाण घेऊन आली.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. जड, ओला, पण स्पष्ट.

"गांडूळ!"

आईच्या हातून सहाण निसटली. आत्या धावत आली. सहा-सात आठवड्यांनी तुम्ही बोलला होतात! आई रडायला लागली, आत्या म्हणाली वेखंडाचा गुण, दातवाला म्हणाला कवळी बसली, म्हणून. गांडूळच का, हे कुणी विचारलं नाही. आत्या म्हणाली, "बोलेना का काही, जीभ वळली!" आणि शेजारी पेढे वाटायला गेली. माझ्या मात्र लक्षात आलं. म्हणजे तुम्हाला हिंदी समजत होतं. म्हणजे सगळंच समजत होतं. आगीचं ते पाच मिनिटांचं व्याख्यान तुम्ही ऐकलं होतंत, आणि माझं "खिडक्या उघडा"सुद्धा.

तीस मेला आईने तुमच्या उशाशी बसून विचारलं, "अहो, ही परवापासून नोकरीला जायचं म्हणतेय. तुम्हाला विचारलं होतं म्हणते. खरं का?" मी दारात उभी, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी होते तिथेच. तुम्ही खूप वेळ शब्द गोळा करत होतात. मग म्हणालात, "विचारलं. होतं." परवानगी दिली असं नाही म्हणालात. आईने उरलेलं आपल्या मनाने जोडून घेतलं आणि मी एक जूनला हजर झाले. पुढे सुपरवायझर होऊन निवृत्त झाले, हे तुम्ही पाहिलं नाहीत.

त्यानंतर तुम्ही सहा वर्षं होतात. जीभ चांगली सुधारली, माझ्या रात्रपाळ्यांवर तर तुम्ही रोज काही ना काही टोमणा मारायचात. दिव्याखाली आपण दोघंच पत्ते खेळत बसायचो, तुम्ही डाव्या हाताने पिसायचात. कितीदा माझ्या जिभेवर आलं होतं. त्या दिवशी सकाळी जे झालं ते माझ्या बोलण्याने झालं का, एवढंच विचारायचं होतं. एकदाही विचारलं नाही. तुम्ही रागवाल म्हणून नाही. तुम्हाला माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलता आलं नसतं, म्हणून.