हळद लागलेलं कव्हर

२१ एप्रिल

दुसऱ्याच्या फोनचं कव्हर माझ्या उशाशी आहे आणि त्यावर माझी पिवळी बोटं उमटलीत. काय करून बसले मी!

आज रीनाची हळद होती, शेजारीच, केसरकाकूच्या अंगणात. रीना काकूची लेक, माझी चुलतबहीण, पण वाढलो एकाच ताटात. मार्कंडा गावाकडून नवरदेवाची माणसं उष्टी हळद घेऊन आली. आधी नवरदेवाला लागते, उरलेली नवरीला. त्यांच्यात एक चंदन म्हणून होता, नवरदेवाचा मित्र. सगळे मांडवाखाली फोटोला उभे राहिले आणि त्यानं फोन माझ्यापुढं धरला. "बाई, एक फोटो काढून द्या ना."

मी हात पदराला पुसले. पुसले होते! तरी फोन परत देताना पाहते तर पारदर्शक कव्हर आणि मागं माझी बोटं.

"राहू द्या ना बाई, हळदच तं हाये."

मी म्हटलं, नाही, धुऊन देते. बाबांनी शाळेच्या आधी शिकवलंय – दुसऱ्याची वस्तू जशी घेतली तशी द्यायची. तो हसला. कव्हर काढून माझ्या हातात दिलं, उघडाच फोन खिशात टाकला आणि गाडीत बसला.

दोनदा बाई म्हणाला. बहिणीला म्हणतात तसं, की कोणालाही म्हणतात तसं?

२२ एप्रिल

रीना गेली सासरी. रडून डोळे सुजले. मग उठून कव्हर धुतलं.

कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना ब्रश. कॅमेऱ्याच्या भोकाशी काळं साचलं होतं, ते काडीला कापूस गुंडाळून काढलं. त्याच्या खिशातला मळ! काढताना लाज वाटली. हळद मात्र जागच्या जागी.

उघडा फोन त्याच्या हातून पडला तर? फुटेल. माझ्यामुळं.

२३ एप्रिल

अनर्थ!! खाण्याचा सोडा कालवून लावला. कुठंतरी वाचलं होतं, डाग निघतात. पाहता पाहता पिवळ्याचं लाल झालं. लालभडक! मी ओरडले तशी माय चुलीपासून धावत आली आणि पाहून हसतच बसली.

"हळदीत खार पडला का कुंकू होते, एवढं माहीत नाई तुले? अन् नर्सिंग शिकून राह्यली!"

केसरकाकू कुंपणावरून – "काऊन वं दीपे, हळद झाली, कुंकू झालं. आता मंगळसूत्रच राह्यलं!"

पार टोकाच्या घरापर्यंत हसू गेलं. मी लिंबू पिळलं. पुन्हा पिवळं झालं. एवढं पिवळं पाहून मला आयुष्यात कधी बरं वाटलं नव्हतं.

२५ एप्रिल

रीनाचा फोन. सासू चांगली आहे, नवरा घोरतो. मग सहज म्हणाली, "चंदनचा फोन पडला बैलगाडीतून."

"फुटला?"

"नाई वं. तुह्या जीवाले काऊन लागून राह्यलं?"

काय सांगू? खरं इथं लिहिते. मला त्याचं आडनाव विचारायचं होतं आणि तेच विचारता येत नाही. पाढ्यांच्या आधी बाबांनी मला देव मोजायला शिकवले. आपण सहादेवे, म्हणजे सहा देव पुजणारं कूळ. समोरचाही सहाच निघाला तर तो भाऊ, सोयरीक होत नाही. सात निघाला तर होते. आडनाव कळलं की देव कळतात. म्हणून आमच्यात मुलीनं मुलाचं आडनाव विचारलं की ती काय विचारते ते शेंबड्या पोरालाही समजतं.

नवरदेव सातदेवे. पण मित्राचे देव मित्रासारखे असतीलच असं नाही.

कव्हर धुवायला काढलं होतं, एवढंच. बाकी काही नाही.

२६ एप्रिल

बाबांनी तोडगा सांगितला! अंगणात मोहफुलं पसरत होते. "हळदीले ऊन पाह्यवत नाई. माह्या लग्नातलं धोतर दोन दिसात पांढरं झालं होतं." एवढा सोडा, एवढं लिंबू, आणि औषध डोक्यावर तळपत होतं!

फुलांच्या चटईवरच कोपऱ्यात ठेवलं. दुपारी बकरी आली. फुलं खायला आली होती, पण तोंड कव्हरलाच लावलं. मी अनवाणी धावले. पाय असे भाजले की नाचतच परत आले. बाबा म्हणाले, "लग्न झालं तरी हे पोरगी नाचूनच राह्यली!"

२८ एप्रिल

गेली! हळद गेली! उन्हात धरलं तर पलीकडच्या छपराचं कवेलू न् कवेलू दिसतं.

कडेला मात्र फिकट पिवळं उरलंय. बाबांना दाखवलं, अजून एक दिवस ठेवू का? त्यांनी डोळ्याजवळ धरून पाहिलं. "हे हळदीचं नाई, उमरीचं हाये. वापरलं का पिवळं पडतेच. माणूस बी पडते."

म्हणजे माझ्याकडून फिटलं. फार आनंद झाला. मग जरा वाईट वाटलं. माझी बोटंही गेली.

३० एप्रिल

रीना काल नवऱ्यासोबत परतणीला माहेरी आली. दोन दिवस घर नुसतं उसळत होतं. आज निघताना मी कव्हर धुतलेल्या रुमालात गुंडाळून दिलं. तिनं हुंगलं. "मोहाचा वास येते! त्याचा फोन झिंगंल ना वं!"

मी हळूच विचारलं, ते कोणत्या गावचे?

"गाव विचारून राह्यली का देव?"

माझे कान तापले.

"त्यालेच विचार."

"मी नाई विचारत."

"मंग मी सांगतो त्याले, दीपिका विचारायले भेते म्हणून."

"नको! रीना, नको ना!"

जीप सुटली. खिडकीतून रुमाल हलवत गेली, तोच रुमाल.

२ मे

पुस्तक उघडं. सकाळपासून एकच पान.

४ मे

केसरकाकू लेकीकडे गेली आहे. आज यायची होती, आली नाही. बसस्टँडकडं दोनदा सहज चालत गेले. माय म्हणाली, "मीठ बी संपलं नाई, तेल बी संपलं नाई, काय आणून राह्यली तू?"

५ मे

काकू आली. पिशवीतून तोच रुमाल काढून दिला आणि माझ्याकडं न पाहता पाणी प्यायला गेली.

आत कव्हर. पुन्हा पिवळं! ओल्या हळदीची बोटं, माझ्यापेक्षा मोठी, एकाखाली एक नीट उमटवलेली.

मोजली. सात.

पुन्हा मोजली. सातच.

माय आतून विचारते, सोडा देऊ का? नको म्हटलं.