इस्त्री विभागातला सगळ्यात शांत माणूस

३ जून, सकाळ
आणि वर मलाच म्हणतो, तू झोपेत दात खातोस! स्वतः लंबू रात्रभर फुरफुरतो, ते चालतं. खोली दोघांची, खिडकी मात्र त्याच्या बापाची. आजपासून बोलणं बंद. पण लाँड्रीत समोर उभा तोच. मी इस्त्रीच्या गरम रुळात चादर घालायची, त्याने पलीकडून ओढून घ्यायची. नशीब!

संध्याकाळी
कंपनीने मॅडम आणल्या. कामाआधी हातपाय ताणायचे आणि लक्ष श्वासावर ठेवायचं. हॉटेलच्या ओल्या चादरी उचलून इथे पाठीचं खोबरं झालंय, आणि म्हणे श्वास घ्या. जन्मल्यापासून घेतोय, कुणी शिकवायला आलं नव्हतं.
मग मॅनेजर म्हणाला, जो शांत राहील त्याला ग्रुप लीडर करू. दोन हजार जादा, या बारा तारखेच्या पगारातच.
मी ताबडतोब शांत झालो.

४ जून
धाकट्या बहिणीला फोन. नर्सिंगच्या प्रवेशाला सात हजार हवेत, बारा तारखेपर्यंत. दर महिन्याला माझे पाच हजार घरी जातात, त्यात लीडरचे दोन. म्हटलं, झालं समज. ती म्हणाली, दादा, नक्की ना? मामा द्यायला तयार आहे. मामा! म्हटलं, त्याला आजच नाही म्हणून कळव. मी मेलो नाही अजून.

७ जून
वाकून श्वास सोडला. श्वास गेला, उसण आली. मॅडम म्हणाल्या, दुखतंय तिथे प्रेमाने बघा. स्वतःच्या पाठीत कसं बघायचं, एवढंच विचारलं, तर सगळे फिदीफिदी हसले. कोण कोण हसलं ते लक्षात ठेवलंय. शांतपणे.
लंबू डोळे मिटून असा उभा राहतो, जसा काही आत्ताच समाधी घेणार. ढोंगी मेला.

९ जून
युक्ती सुचली. व्यायाम कामातच करायचा. चादर उचलताना श्वास आत, रुळात घालताना बाहेर. डोळे बंद. मॅनेजर बघेल तर तोंडात बोट घालेल.

१० जून
बघितलं त्याने.
चूक माझी नाही. मॅडमच म्हणाल्या होत्या, आवाज येतील, जातील, त्यांच्या मागे धावू नका. लंबू ओरडला, अरे जळतंय! आवाज आला, मी जाऊ दिला. मग वास आला. तोही जाऊ दिला. डोळे उघडले तर एक चादर तिरकी जाऊन रुळाला अडकलेली, तिच्यामागून मीच घातलेल्या आणखी तीन. चारही करपलेल्या. आणि लंबू हसतोय. उशीची ओली खोळ होती हातात, दिली ठेवून त्याच्या थोबाडावर.
पगारातून सोळाशे कापणार.

११ जून
लीडर लंबू. आता तो म्हणेल तेव्हा श्वास घ्यायचा, तो म्हणेल तेव्हा सोडायचा. माझ्याकडे बघून मुद्दाम जास्त वेळ धरायला लावतो.
आणि वर दुपारी येऊन म्हणाला, फोनवरचं सगळं ऐकू येतं रे खोलीत. बहिणीला कमी पडतील तेवढे माझ्याकडून घे. म्हटलं, तुझी भीक तुझ्यापाशीच ठेव. किती संयमाने बोललो! अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

१२ जून
बहिणीचा फोन. मामाने तिच्यासाठी ठेवलेले पैसे दुसरीकडे दिले. म्हटलं, घाबरू नकोस, डोळे मीट, खोल श्वास घे. तिने घेतला. नाक चोंदलेलं होतं तिचं. मग म्हणाली, राहू दे दादा, पुढच्या वर्षी बघू.
लंबू दारातच उभा होता, हात खिशात घालून. मी भिंतीकडे तोंड केलं. तत्त्व म्हणजे तत्त्व.
पाठवतोय: तीन हजार चारशे.