भिकूमामाचे मीठ आणि गौरवीचे मीठ

बंगळूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. भिकूमामास शि. सा. न.

तुमचा मोबाईल मिठागरात बुडाला, म्हणून हे पत्र. माझे संशोधन विचारलेत ना? संगणकावर चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनात पाणी किंवा मीठ. इवलासा कण विरघळतो. पुरेसा मोठा झाला की सगळी जाळी मीठ होते. माझा पहिला कण इतर संशोधकांच्या कणापेक्षा दहापट लवकर जमतो! मार्चमध्ये पणजीच्या परिषदेत माझे भाषण आहे. मामीला घेऊन या. पायांचा चिखल धुऊन.

मायेची भुकेली,
गौरवी

आगरवाडा, पेडणे, १२ फेब्रुवारी

चि. गौरवीस अ. आ.

पंख्याखाली बसून मीठ काढतेस, धन्य गो बाय! आम्ही उगाच पाठ जाळली. तुझी मामी सुलोचना विचारते, ते माशाच्या हुमणात चालते का? एक शंका. आमचा पहिला कण बांधाच्या कडेला धरतो, मधल्या नितळ पाण्यात कधी नाही. तुझा कुठे धरतो?

अडाणी मामा,
भिकाजी

बंगळूर, २५ फेब्रुवारी

ती. मामास शि. सा. न.

माझ्या जाळीला कडाच नाही, बांगडीसारखी टोके जोडलेली असतात, असे ठणकावून लिहिणार होते. पुराव्याला चित्रे काढली. दोनशे वेळा जाळी चालवली होती, दोनशेच्या दोनशे पहिले कण उजव्या कडेला! प्रोग्रॅमच्या एका ओळीत माझी चूक. टोके जुळलीच नव्हती. म्हणजे मी फुकटचा बांध घालून बसले होते.

दोन दिवस गप्प राहिले. कोणी तपासले नसते. तिसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितले. ते म्हणाले की परिषदेला ते स्वतःच कळवतील. भाषण रद्द. चूक सुधारली, आठ दिवसांत एक कण नाही. तुमच्या शंकेचे आभार मानू की डोके फोडू?

तरीही तुमचीच,
गौरवी

आगरवाडा, ६ मार्च

चि. गौरवीस अ. आ.

डोके फोडायला ये, मामी बांगडे तळेल.

एक ऐक. एकतीस वर्षांपूर्वी डिचोलीच्या योगेश व्यापाऱ्याला मी वर पांढरे आणि खाली चिखलाचे मीठ भरून दिले. भेसळ हमालाने केली असे समजून त्याने आपल्या हमालाला कामावरून काढले. मी पाहत होतो. हे सुलोचनेलाही ठाऊक नाही. तू तिसऱ्याच दिवशी तोंड उघडलेस, शहाणे. चौकशी केली; हमाल वारला, योगेश आहे. उद्या पहिल्या बसने डिचोलीला जातो. काय बोलायचे ते अजून जमत नाही.

हे वाचून मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

भिकाजी