भिकूकाकाच्या घरावरचं क्लिक

१२ फेब्रुवारी ९९, शुक्रवार
नकाशा एकदाचा मशीनवर आला. बाबांनी कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलनं काढलेला आपला जुना गाव. नदी, देऊळ, पाणंद, घरं. काल बेळगावला जाऊन स्कॅन केला, फ्लॉपीवर आणला. विनूची (आत्याचा मुलगा, पुण्यात असतो) कल्पना अशी की घरावर क्लिक केलं की बाजूला पाटी यावी. घर कुणाचं, ती माणसं आता कुठं राहतात. गाव धरणात गेला, निदान इंटरनेटवर तरी राहू दे, म्हणतो. पुण्यात बसलं की कल्पना सुचतात. काम इथं रामनगरात, माझ्या एसटीडी बूथच्या मागच्या खोलीत, लाईट असेल तेवढा वेळ.
मराठी अक्षरं सगळ्यांच्या मशीनवर दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक पाटीचं चित्रच करायचं. डोळे गेले.

१७ फेब्रु., बुध
निम्मी घरं बोलायला लागली. देसाईंचं घर – आता: रामनगर. गावड्यांचं घर – आता: खानापूर. आमचं – आता: रामनगर. आमच्या भिंतीला भिंत लागून भिकूकाकाचं. बाबांचा धाकटा भाऊ. त्याच्या पाटीवर ‘आता:’ पुढं काय लिहू, विचारलं. बाबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे तसंच.” तसंच ठेवलं.
भिकूकाकाबद्दल आमच्याकडं एवढंच सांगतात की गाव उठला तेव्हा तो ट्रकात बसला, वाटेत कुठंतरी उतरला, परत आला नाही.

१८ फेब्रु.
बाबांना माऊस शिकवला. दुपारभर हौसेनं एकेक घर उघडत बसले. पाटी आली की त्या घरातल्या माणसांना हाक मारल्यागत बोलायचे. “आलास व्हय रे!”
भिकूकाकाचं मात्र उघडलं नाही. मी क्लिक केलं की उघडतं. म्हणजे माझीच कुठंतरी चूक. उद्या बघते.

२० फेब्रु., शनि
कोडमधली अवतरणचिन्हं बघितली. फंक्शनचं नाव बघितलं, कॅपिटल-स्मॉल सगळं. त्या घराची क्लिकची चौकट आमच्या घराच्या चौकटीवर चढली असेल म्हणून दोन्ही पुन्हा आखल्या. क्लिक झाल्या झाल्या नुसतं ‘ओके’चं खोकं यावं असं केलं. मी दाबलं, आलं. बाबांनी दाबलं, नाही. मी, आलं. बाबा, नाही.
बाकीच्या सगळ्या घरांवर बाबांचं क्लिक बिनतक्रार चालतं.
बाबा हसून म्हणाले, “तुझ्या काकाला माझा राग हाय.” हसले खरं, पण नंतर माऊसला हात लावला नाही.

२५ फेब्रु.
विनूचा फोन. सगळं सांगितलं. म्हणाला, “अगं, दाबलं एकीकडं आणि सोडलं दुसरीकडं तर ते क्लिक धरत नाही. मामांचा हात थरथरत असेल. घसरत असेल.”
हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही! कोड बदलला. बटण दाबलं ती जागा आणि सोडलं ती जागा, दोन्हीचे आकडे आता खालच्या पट्टीत दिसतात. बाबांना बसवलं. देसाईंचं घर: दाबलं तिथंच सोडलं. देऊळ: तसंच. भिकूकाका: दाबलं घरावर, सोडलं पार खाली, नदीच्या अंगाला. तिथं नकाशावर काहीच नाही, कोरा कागद.
पुन्हा करायला लावलं. पुन्हा तिथंच. चहा पिऊन पुन्हा. आकडे तेच.
थरथरणारा हात दरवेळी वेगळीकडं जाईल की नाही?

२६ फेब्रु.
माऊसची गोळी काढून धुतली. बूथातल्या दुसऱ्या मशीनचा माऊस लावला. टेबलाचा पाय उतरता वाटला, खाली पुठ्ठा घातला. फरक नाही.
मग पडद्याकडं बघायचं सोडून बाबांच्या मनगटाकडं बघितलं. हललेलं मला तरी दिसलं नाही. बाण मात्र गेला.
“बाबा, हात हलवलासा काय?”
“न्हाई की. दाबलं आन् सोडलं. तू सांगितलंस तसंच.”
मशीन बंद केलं. असल्या गोष्टी लिहू नयेत. लिहिल्या.

३ मार्च, शिमगा
गावात ढोल. बूथ बंद. जेवताना बाबा मधेच म्हणाले, “त्यो ट्रकात बसलावता. म्या सोता बघितलंय.”
कुणी विचारलं नव्हतं.

२१ मार्च, रवि
पाडव्याला येते म्हणालेली आत्या आज आली, कुंभारवाड्याहून. गाडी चुकली, मग लाकडाच्या ट्रकातून. या वयात! बाबांची थोरली बहीण, बाबा अजून तिच्यापुढं मान वर करत नाहीत.
मशीन दाखवलं. आत्याला माऊस नको. “उंदराला हात लावून घेनार न्हाई म्या.” थेट काचेवर बोट ठेवून घरं ओळखायला लागली. सगळी बरोबर. आमच्या घरापाशी आली, भिकूकाकाच्या घरावर बोट टेकलं, थांबली.
“ह्ये कुनाचं?”
“भिकूकाकाचं.”
“भिकूचं हितं कुठलं? परशा, काय काढलायस ह्ये?”
बाबा म्हणाले, “आक्का, घर तितंच व्हतं.”
“घर व्हतं. भिकू तितं ऱ्हात न्हवता. पानी याच्या आदी चार म्हैने त्यो नदीकडंच्या खोपीत जाऊन बसलावता. गाव सोडत न्हाई म्हनून. तूच की भाकरी पोचवायचास.” आणि काचेवरून बोट खाली नेलं, ठेवलं. “हितं.”
मी बाण तिच्या नखाजवळ नेला. खालच्या पट्टीत बघितलं.
तेच आकडे.
बाबांनाही पट्टी दिसत होती. उठले, बूथात जाऊन बसले. एक गिऱ्हाईक बेळगावचा नंबर लावून मागत होतं, त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

२२ मार्च
आत्या जायच्या आधी दोघांचं झालंच. मी चुलीपाशी.
बाबा: “ट्रकात बसला. माज्या बाजूला.”
आत्या: “तुज्या बाजूला घोंगडी व्हती. जागा धरून ठेवलीवतीस तू. पोरगीला पाय ठिवू दीत न्हवतास.”
ती पोरगी म्हणजे मी. आणि मला आठवतं. ट्रक, भाताची पोती, पितळी हंडा, घडी घातलेली काळी घोंगडी. मी पाय ठेवला तर बाबा ओरडले होते, “काका बसनार हाय तितं.” इतकी वर्षं मी ही आठवण काका बसलेला आहे अशीच धरून चालले होते. चेहरा आठवायला गेले तर घोंगडीच दिसते.
आत्या जाताना एवढंच म्हणाली, “जिता हाय म्हनून तू गप बसलास, मेला म्हनून म्या गप बसले. त्याचं कुनीच काय केलं न्हाई.”

२८ मार्च, रवि
बाबांनी आपण होऊन सांगितलं, काढ ते घर तिथनं. नदीकडं खोप काढ. काढली. चार रेघा आणि वर गवताचं छप्पर. चौकट आखली, कोड जोडला. पाटी तीच. ‘भिकू. आता:’
बाबांनी दाबलं. पाटी आली. एका झटक्यात. पुन्हा दाबलं, पुन्हा आली.
मी आनंदानं ओरडले. बाबा डोळे पुसत होते.
विनूला फोनवर सांगितलं तर म्हणाला, मनात ठाऊक असलेलं हातानं केलं, एवढंच. असेल. त्यानं मनगट बघितलेलं नाही.

८ मे, शनि
आज गेलो. बाबा, मी आणि आत्या. धरणाचं पाणी खूप उतरलंय म्हणून बातमी होती. टेम्पोनं रस्ता संपेपर्यंत, मग चालत. चिखल वाळून भेगा पडलेल्या, वर बगळे. झाडांची काळी खोडं पाण्यातून वर आलेली, फांद्या नाहीत. आवाज कसलाच नाही.
देवळाचं जोतं दिसलं तेव्हा बाबांना दिशा कळली. तिथनं ते जे चालायला लागले ते आम्हाला गाठवेनात. आमचं घर अजून पाण्यात. खोपीची जागा उघडी, नकाशात आत्यानं बोट ठेवलं तिथंच म्हणायची. दगडांचा चौथरा, कोपऱ्यात तीन दगडांची चूल.
आत्यानं चुलीच्या दगडावर बोट फिरवलं. काळं झालं. ताजी काजळी.
मी म्हटलं, मासे धरणारे येत असतील, त्यांनी पेटवली असेल. बाबा म्हणाले, व्हय, मासेवालेच. आत्यानं पदराला बोट पुसलं, पुन्हा काढून बघितलं.
मासेवाले असतील तर माशांचे काटे, विड्यांची थोटकं काहीतरी पडलेलं असतं. चौथरा झाडल्यासारखा होता. चिखलाचा पापुद्रासुद्धा नाही. बाजूला सगळीकडं होता.
परत येताना बाबा मागं राहिले. आम्ही हाक मारली तेव्हा आले. चप्पल हातात.

१० मे
बाबांचं ठरलं. भिकूकाकाचं क्रियाकर्म करायचं. भटजींशी बोलून आले. दर्भाचा पुतळा करून करतात म्हणे, देह न मिळालेल्याचं. पुढच्या शुक्रवारी, २१ला. आत्याला निरोप धाडला.
“लई वर्षं झाली पोरी. मोकळा व्हऊ दे त्याला.” बाबांचा आवाज कित्येक दिवसांनी सरळ.
पाटीवर ‘आता:’ पुढं काय लिहायचं ते शुक्रवारनंतर सांगतो म्हणाले.

१२ मे, बुध
बेळगावला जाऊन पान इंटरनेटवर चढवलं. तिथल्या कॅफेत सगळी घरं तपासली. सगळी चालतात. विनूनं पुण्यात उघडलं, फोनवर रडला. मला वाटलं आता संपलं.

१९ मे, बुध
दुपारी बाबा भटजींकडं सामान विचारायला गेलेले. एक माणूस फोन करायला म्हणून आला. साठीच्या आतबाहेर, दाढी, खांद्याला कोयता. फोन केलाच नाही. आतल्या खोलीतला पडदा दिसत होता, त्यावर नकाशा. त्याकडं बघत उभा. मी म्हटलं, बघा की, बसा. अलीकडं पुष्कळ लोक येतात नकाशा बघायला, जुन्या गावचे.
बसला. मी माऊस कसा धरायचा दाखवलं. घरं उघडायला लागला. पाटी आली की हसायचा. देसाई, गावडे. आमचं घर उघडलं, बराच वेळ बघितलं. कोकणी बोलत होता, धरणापलीकडच्या दिग्गीच्या रानातली. मी विचारलं तर दिग्गीकडनंच आलो म्हणाला.
“हें कोणें काडलें?”
“माझ्या बाबांनी.”
“म्हातारो आसा?”
म्हटलं, आहेत की, येतील इतक्यात.
बाण खोपीवर नेला. दाबलं. मी बटणाचा आवाज ऐकला. पाटी आली नाही. पट्टीत बघितलं. दाबलं खोपीवर. सोडलं नकाशाच्या बाहेर, डावीकडं, दिग्गीच्या अंगाला, जिथं कागदच नाही, नुसती पांढरी जागा.
“हें उगडिनां,” म्हणाला, आणि उठला. नाव विचारलं तोवर रस्त्यावर. दिग्गीकडं जाणारी कुंभारवाड्याची गाडी उभी होती, त्यात चढला की पलीकडनं गेला, दिसलं नाही. ट्रक आडवा आला.
त्यानंतर मी खोपीवर क्लिक केलं. आलं. पुन्हा केलं. आलं.

२० मे, गुरु
रात्रभर ठरवत होते, सांगू की नको. उद्या विधी. तो कुणीही असेल. जुन्या गावात कामाला येणारे कितीतरी कोकणी होते. नवख्याचा हात घसरतोच. काकाला कोकणी येत नव्हती. पण इतकी वर्षं त्या रानात राहिलेल्याला येणार नाही का?
आणि जित्या माणसाचं क्रियाकर्म?
आत्या सकाळच्या गाडीनं आली. दोघं चहाला बसली तेव्हा सांगून टाकलं. सगळं, जसं झालं तसं.
आत्या एकदम, “दिसायला कसा व्हता?” दाढीमुळं काय सांगणार.
बाबांनी कप खाली ठेवला. “कुटल्या हातानं धरलावता माऊस?”
“म्हणजे?”
“भिकू डावरा. कोयता, घास, सगळं डाव्या हातानं.”
आठवेना. अजून आठवत नाही. मी पट्टीकडं बघत होते. माऊस मशीनच्या उजवीकडं असतो, आता उजवीकडंच आहे, पण सकाळी टेबल मीच पुसलंय. कोयता कुठल्या खांद्याला, तेही नाही. डोळे मिटले की त्याचं हसणं दिसतं, हात दिसत नाहीत.
“उजव्यानंच असेल,” मी म्हटलं. बाबांना कळलं मी उगाच म्हणतेय.
भटजींचा माणूस दर्भ घेऊन आला. दारात उभा. “कुठं ठेवू?” आत्यानं बाबांकडं बघितलं. बाबांनी सदरा चढवला, चपला घातल्या आणि स्टँडकडं गेले. मी मागनं ओरडले, “भटजींना काय सांगू?” वळले नाहीत.
दर्भ ओसरीवर तसाच ठेवलाय. आत्या भिंतीला टेकून बसलीय.
पाच वाजले. कुंभारवाड्याची गाडी येऊन गेली. बाबा अजून आले नाहीत.