ऐंशी टक्क्यांचा निर्धार

३ मे, सोमवार
आज कार्यशाळा. विषय: घटस्फोटाची कामं करणाऱ्या वकिलांनी परफेक्शनिझममधून बाहेर कसं पडावं. व्याख्यात्या बाई म्हणाल्या, शंभर टक्क्यांचा नाद सोडा, ऐंशी टक्के काम वेळेवर द्या. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. का ते कळलं नाही. असो, आपल्याला पटलं. आजपासून सुटसुटीत! (बाईंच्या सातव्या स्लाइडवरच्या ओळी वाकड्या होत्या. जाता जाता सांगून आलो.)

४ मे, सकाळी
कालच्या नोट्स स्वच्छ अक्षरात उतरवल्या. दोनदा.

४ मे, दुपारी
नवीन काम. बाई नर्स, नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. दोघं राजीखुशीने वेगळं होतायत. भांडण नाही, तंटा नाही, माझ्या सोफ्यावर बसून एकाच पुड्यातली बिस्किटं खात होते. सात वर्षांची मुलगी आईकडे, एकाआड एक रविवार बाबाकडे, सुट्ट्या अर्ध्या अर्ध्या. बाईंना दुसऱ्या गावी नोकरी लागलीय. तिथल्या शाळेला मुलीच्या ताब्याचा, दोघांच्या सहीचा कागद ३१ तारखेपर्यंत हवा. नाहीतर मुलीची जागा जाते. बाई म्हणाल्या, एक पान पुरेल ना? म्हटलं, पुरेल की. शुक्रवारी घेऊन जा.

७ मे, शुक्रवार
एक पान झालं. फारच उघडंबोडकं दिसतं. लोक काय म्हणतील? बाईंना सोमवारी यायला सांगितलं.

१० मे
एकूण कलमं चाळीस. माशांच्या टाकीचंच घ्या. टाकी बाबाकडे राहणार, ठीक. पण मासे मेले तर नवे मासे कोणाचे? या गोष्टी कोणाला सुचत नाहीत. मला सुचतात.

१२ मे
निर्धार आठवला. चाळीसचे ऐंशी टक्के म्हणजे बत्तीस. आठ कलमं उडवायची. कुठली आठ, हे घाईत ठरवण्यासारखं नाही. तक्ता केला. बायको म्हणाली, आपल्या लग्नाचे फोटो अल्बममध्ये लावायचे राहिलेत, बावीस वर्षं झाली. विषय काय, ही बोलते काय.

१७ मे
नर्सबाईंचे तीन फोन. ज्युनिअर म्हणाली, सर, ते पहिलं पान देऊन टाकू या का? आजकालच्या मुलींना धीर म्हणून नाही. तिला समजावून सांगितलं. पाऊण तास.

२१ मे
आठ उडवली. पण त्यामुळे उरलेल्यांत फटी पडल्या. त्या बुजवल्या. आता सत्तेचाळीस.

२४ मे, सोमवार
मसुदा दिला! बावीस पानं. मला वाटतं मी बदललोय, पूर्वी चाळीस केली असती. दोघं वाचायला बसले. चष्मेवाले कलम सदतीसपाशी थांबले: आई मुलीसह परदेशी स्थायिक झाल्यास. त्यांनी विचारलं, ही परदेशी चाललीय का? म्हटलं, छे हो, नुसती शक्यता. ते म्हणाले, शक्यता उगाच कोणी लिहीत नाही. बाई म्हणाल्या, माझा पासपोर्टसुद्धा नाही. ते म्हणाले, म्हणजे काढायचा विचार आहे. सही न करता उठले. बिस्किटं तशीच राहिली.

२६ मे
चष्मेवाल्यांनी वकील केला. आता मुलगी त्यांना स्वतःकडेच हवी आहे. माणसं किती संशयी असतात! मी कलम सदतीसला तीन पानी खुलासा जोडतोय. वाचला की शंकाच उरणार नाही.

२८ मे
खुलाशाला खुलासा लागतोय.

३१ मे, सोमवार, दुपारी ३
ऑफिसला पोचलो तर दार आतून बंद. ज्युनिअरने उघडलं. सोफ्यावर दोघं. बाई सकाळीच दुकानात जाऊन नवऱ्याला घेऊन आल्या होत्या म्हणे. दोघांचे डोळे लाल. टेबलावर एक पान. ज्युनिअरने टाइप केलेलं, अकरा ओळी. मुलगी आईकडे, रविवार, सुट्ट्या. बस. चष्मेवाल्यांच्या वकिलाने फोनवरच होकार दिला होता. माशांचं नाव नाही. मी म्हटलं, थांबा, यात बऱ्याच गोष्टी राहिल्यात. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"आमचं भांडण नव्हतं हो, साहेब. ते तुमच्याकडून घेऊन गेलो आम्ही. सहा रात्री पोरगी विचारतेय, मी कोणाकडे राहू."

वाईट वाटलं. खरंच वाटलं.

दोघांनी सह्या केल्या. शाळा पाचला बंद होते, कागद लगेच पाठवायचा होता. खाली साक्षीदाराची सही राहिली होती. मी खिशातून पेन काढून पुढे झालो. बाईंनी पेन घेतलं, थँक्यू म्हणाल्या आणि शिपायाला हाक मारली.